शिवेचा सातवा दगड

हॅसलकोम या आमच्या इंग्लंडमधल्या खेड्याची शीव पूर्वी दर सात वर्षांनी मे महिन्यातल्या एका रविवारी अख्खं गाव चालून पाहायचं. बारा दगड. प्रत्येक दगडापाशी एका पोराला पाय धरून उलटं करायचं आणि डोकं दगडाला टेकवायचं, म्हणजे हद्द कुठं आहे ते जन्मभर विसरत नाही. शाळा बंद पडली तशी ही चालही बंद पडली. गावाच्या इतिहासाची पुस्तिका लिहायला म्हणून मी चर्चच्या जुन्या वह्या चाळल्या आणि मूर्खासारखं हे सभेत वाचून दाखवलं. ठरलं, यंदा पुन्हा करायचं.

सातव्या दगडासाठी चिठ्ठी निघाली माझ्या मुलीची, पाच वर्षांच्या टॅम्सिनची. नियम असा की ज्याचं डोकं तिथं आधी टेकलं, त्यानंच पुढच्याला धरायचं. बाकीच्या दगडांवरची माणसं कधीच गेली. तिथं पोरांचे बाप धरणार होते. सातव्याचे विल्फ्रेड पर्किस तेवढे उरले होते. वय सत्त्याऐंशी. चहा उचलला की अर्धा बशीत. आणि दगड ओढ्याच्या काठावर, खाली खडक.

नको म्हणायची सोय नव्हती. टॅम्सिन गावभर सांगत फिरत होती. आठवडाभर वह्यांत पळवाट शोधली. सापडली ती एवढी एकच, १७९४ची नोंद: मुलगा हातातून निसटला, हात मोडला, त्याला आल्याचा केक दिला.

रविवारी पर्किसनी काटेरी जाळीतून दगड बरोबर हुडकला. नकाशात तो वीस पावलं पलीकडे होता.

"ये गं चिमणे," ते म्हणाले. हात थरथरत होतेच.

"थांबा," मी म्हटलं. "वहीत लिहिलंय, पाय आईनंही धरायचे."

"आणि हे आत्ता सांगतेस?" चर्चचा कारभार बघणाऱ्या म्युरिएलबाई म्हणाल्या.

"कालच सापडलं."

पर्किस माझ्याकडे बघत राहिले. "माझ्या वेळी नव्हतं बुवा असलं काही. माझी आई त्या कुंपणापाशी तोंड फिरवून उभी होती." मग म्हणाले, "धर पोरी, धर. या हातांचा भरवसा मलाच नाही."

मी दोन्ही पाय गच्च धरले. त्यांनी नुसता हात लावला. डोकं टेकलं. टॅम्सिन ओरडली, "परत!"

आठव्या दगडापाशी दुसऱ्या एकीनं नवऱ्याच्या हातातून पोराचा एक पाय काढून घेतला. "वहीत आहे ना!"

"पुस्तिकेत घाल हं ते," म्युरिएलबाई मला म्हणाल्या.

घातलं. साल तेवढं घातलं नाही.