मी दक्षिणेला उत्तर म्हटले

मित्रांनो, मी एक जुने पितळी होकायंत्र आहे, आणि आज तुमच्याशी मान खाली घालूनच बोलणार आहे.

एका कारागिराने माझी सुई चुंबकावर घासली, तिच्या उत्तरेकडच्या टोकाला लाल रंग दिला आणि अणकुचीदार खिळ्यावर तोलून बसवली. पुढे जमीन मोजणाऱ्या एका गृहस्थांनी मला विकत घेतले. तीस वर्षे मी त्यांच्या खिशात राहिले. बांधावरून हमरीतुमरीवर आलेले भाऊ माझ्याकडे पाहून गप्प बसत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला लेकीच्या हाती दिले. ती खडकांचा अभ्यास करायची, म्हणून घरात तिचे नाव ‘दगडूबाई’ पडले होते.

एकदा बापलेक लाव्हाच्या जुन्या थराचे नमुने आणायला डोंगरावर गेले.

“एवढं काय आहे गं या दगडात?” बाबांनी विचारले.

“लाव्हा थंड होताना त्यातले लोहकण त्या वेळच्या उत्तरेकडे तोंड करून गोठतात, बाबा. इथले कण बरोबर उलटे आहेत. म्हणजे तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते! शेवटचे ते उलटले त्याला पावणेआठ लाख वर्षं झाली.”

“आणि पुन्हा उलटले तर?”

“एका दिवसात नाही होत ते, हजारो वर्षं लागतात. मधल्या काळात पृथ्वीचं चुंबकीय कवच दुबळं होईल. उपग्रह बिघडतील, लांबून येणारे पक्षी वाट चुकतील. पण जीवसृष्टी यातून कितीदा तरी तरली आहे.”

नमुने घेऊन झाल्यावर तिने मला पिशवीत टाकले. बाबांनी गाण्यांसाठी आणलेला छोटा स्पीकर तिथेच होता. त्याच्या जबर चुंबकाला मी चिकटले आणि माझ्या सुईचे ध्रुवच उलटे झाले.

परतताना दाट धुके उतरले. तिने मला बाहेर काढले. माझे लाल टोक दक्षिणेकडे वळून स्थिर झाले.

“अगं, येताना वारा पाठीवर होता,” बाबा म्हणाले, “आताही पाठीवरच आहे. उलटे तर नाही ना चाललो?”

“तीस वर्षं तुम्हीच याच्यावर विश्वास ठेवलात ना, बाबा?”

ते तिच्या मागून चालू लागले. थोड्याच वेळात निसरड्या उतारावर त्यांचा पाय सटकला आणि घोट्याचे हाड मोडले. धुके विरल्यावर एका मेंढपाळाने दोघांना खाली आणले.

घरी लेक ढसाढसा रडली. “तुमचं ऐकलं नाही मी!” दुसऱ्या दिवशी उगवत्या सूर्यासमोर धरल्यावर तिला माझा दोष कळला.

प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बाबा हसले. “उलटायला पृथ्वीला हजारो वर्षं लागतात, आणि या शहाण्याला दोन तास पुरले!”

ते हसले, पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या दगडांनी लाखो वर्षे आपली दिशा सोडली नव्हती. ध्रुव खरोखर उलटले असते, तर माझे वळणे खरे ठरले असते. पण पृथ्वी जागच्या जागी होती. फिरले होते ते मीच.

लेकीने मला टाकून दिले नाही. चुंबक घासून तिने माझी सुई पुन्हा ठीक केली. बाबा मात्र अजून थोडे लंगडतात.

मित्रांनो, मला चुंबकापासून दूर ठेवा. निघण्यापूर्वी सूर्याकडे पाहून एकदा मला तपासा. त्याने माझा अपमान होत नाही. त्या दिवशी कोणीतरी मला तपासायला हवे होते.