रिकामी खोली

वकीलबाईंनी आपल्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना बजावून सांगितलं होतं, "खोली बघायची, भाडं विचारायचं, परत यायचं. चहासुद्धा घ्यायचा नाही." काम तसं साधंच. सकाळी घरमालकिणीने हॉस्पिटलातल्या नर्सला दारातूनच वाटेला लावलं होतं. नर्सने आडनाव सांगितलं मात्र, "अगंबाई, खोली कालच गेली हो!" तेव्हा दुपारी दुसऱ्या आडनावाच्या कुणीतरी जाऊन खरं-खोटं बघायचं. वकीलबाईंकडे आलेल्या नर्सच्या तक्रारीला तेवढाच आधार होता.

खोली जाते कुठली! होती तिथेच होती. आणि अशी होती की टायपिस्टबाई उंबऱ्यातच थबकल्या. पूर्वेला खिडकी, स्वतंत्र नळ, दाराला आतून कडी. त्यांचा जन्म गेला होता भावाकडे. भावजय वाईट नव्हती, पण सगळ्यांची जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघरात अंथरूण घालायचं आणि कुणी उठायच्या आत गुंडाळायचं. साठीला आलेल्या बाईने किती वर्षं असं पाहुणं राहायचं?

घरमालकीण तर लाघवी. "एकट्याच ना तुम्ही? मग बहीणच मिळाली की मला!" म्हणत तिने चहा पुढे केला. टायपिस्टबाईंनी, कसलं भान नि कसलं काय, तो घेतला. वर बिस्किटंही खाल्ली. परत येऊन त्यांनी सगळं खरंखरं सांगितलं, चहासकट. वकीलबाईंनी कपाळावर हात मारला.

खटला उभा राहिला. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात घरमालकीण नेमकी शेजारी येऊन टेकली.

"खोली अजून रिकामीच आहे," ती हळूच म्हणाली. "नीट आठवत नाही म्हण, बस्स. आणि सामान घेऊन ये."

टायपिस्टबाईंना मोह झाला, का खोटं बोला, चांगलाच झाला. समोरच्या बाकावर नर्स रात्रपाळी करून तशीच आली होती. तिला बहुधा ऐकू गेलं असावं, पण तिने मान वळवली नाही.

पुकारा झाला. टायपिस्टबाई साक्षीला उभ्या राहिल्या.

घरमालकिणीच्या वकिलाने सुरुवातच तिथून केली. "माझ्या अशिलाच्या घरी चहा प्यायलात?"

"प्यायले."

"खोली हवी आहे असं खोटं सांगून?"

"ते खोटं नव्हतं साहेब. मला ती हवी होती. आजही हवी आहे. पण त्या दुपारी ती रिकामी होती. आजही आहे, आत्ता बाहेर ह्यांनीच सांगितलं. मी आठवत नाही म्हटलं तर मला देणार आहेत."

"खाल्ल्या मिठाला तरी जाग गं!" घरमालकीण जागेवरून ओरडली.

न्यायाधीशांनी तिला दटावलं, पण टायपिस्टबाई तिच्याकडे वळल्या होत्या. "ताई, तुमची-माझी ओळख ना पाळख. तरी खोली द्यायला निघालात. मी असं काय केलं होतं? आणि हिने काय केलं होतं?"

"अगं, तू आपल्यातली! तिची गोष्ट वेगळी!"

घरमालकिणीच्या वकिलाने डोळे मिटून घेतले.

"हे लिहून घ्या," न्यायाधीश म्हणाले.

खाली उतरताना टायपिस्टबाईंना रडू आवरेना. खोली हातची गेली, हे त्यांना पुरतं कळलं होतं. नर्सने येऊन त्यांचा हात धरला, आणि त्या तशाच रडत तिच्या शेजारी बसून राहिल्या.