पिंजऱ्याची खोळ

‘माय मरो पण मावशी जगो,’ असं भाचा दारातूनच म्हणायचा आणि मावशी दर वेळी विरघळायची. तिला दुसरं होतं कोण? जन्मभर लोकांचे कपडे शिवले. नजर अधू झाली तशी गिऱ्हाइकंही पांगली. वसंतात भाच्याने तिला मूठभर अंगाचा एक गाणारा पक्षी आणून दिला, पिंजऱ्यासकट.

“ह्याला उजेड सोसत नाही. उन्हाळा-पावसाळा झाकून ठेव. दाणे मी आणत जाईन.”

मावशीने काळ्या कापडाची दुहेरी खोळ शिवली, सुईएवढी फट ठेवली नाही. पक्षी आत मुका बसून असायचा. पण एरवी वर्षभर तोंड न दाखवणारा भाचा दर आठवड्याला यायला लागला, घटकाभर बसायला लागला. पक्ष्याचा पायगुण, दुसरं काय!

थंडीच्या तोंडावर त्याने खोळ काढायला लावली. पक्षी असा गायला, की शेजारीण हातातलं काम टाकून खिडकीशी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा त्याला मोकळ्या हवेत म्हणून बागेत घेऊन गेला आणि पाण्याची वाटी विसरला. वाटी घेऊन मावशी मागोमाग गेली.

पिंजरा फांदीला टांगलेला होता. आत तो जीव तोडून गात होता, आणि त्याची हाक ऐकून लांबच्या प्रवासाला निघालेले त्याचे भाऊबंद खाली उतरत होते, थेट झाडांमधल्या बारीक जाळ्यात. भाचा एकेकाला सोडवून खोक्यात भरत होता.

“वसंत आला समजून गातोय वेडा,” तो हसत म्हणाला. “अंधारात राहिला ना इतके दिवस, आता एकदम उजेड दिसला. सगळी तुझ्या खोळीची करामत. बाजारात चांगला भाव आहे ह्यांना.”

“मला आधी सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर शिवली असतीस?”

मावशी घरी येऊन बराच वेळ फोनपाशी बसली. फोन केला की भाचा तुटला, हे तिला स्वच्छ दिसत होतं. सख्ख्या बहिणीचा मुलगा. शेवटी तिने वनखात्याला फोन लावला.

जाळी जप्त झाली, खोक्यातले पक्षी उडाले. तिचाही पक्षी वनरक्षक घेऊन गेला. जरा सावरला की सोडू म्हणाला. भाचा दंड भरून सुटला. एकदा समोरून येताना दिसला, तर रस्ता ओलांडून पलीकडून गेला.

मावशीने खोळ उसवून टाकली. एका सकाळी खिडकीवरून एक थवा गेला. खालून हाक मारणारं कोणी नव्हतं, म्हणून कोणी थांबलं नाही. तिला बरं वाटलं.

“जा रे बाबांनो,” ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कोणी बोललं होतं. तिला रडू आलं.