बोरमाळला वकील पाहिजे

"वकीलसाहेब, मेंढरानं दुसऱ्याचा बांध वलांडला, तर गुन्हा मेंढराचा का मालकाचा?"

मुलाखतीतला हा पहिला प्रश्न. हौसराव पहाटेपासून ग्रामपंचायत अधिनियमाची कलमं पाठ करत आले होते. त्यांत मेंढरू कुठेच नव्हतं.

"मालकाचा," ते म्हणाले.

"आन् मालक घरी झोपला आसंल तर?"

"तरी मालकाचाच."

विचारणाऱ्या आबांनी समाधानाने मागे वळून पाहिलं. "ऐकलं का? झोपला व्हता म्हनं." मागे बसलेला एक गडी मान खाली घालून तंबाखू मळू लागला.

पंधरा ऑगस्ट सत्त्याण्णव. झेंडावंदन उरकून बोरमाळची ग्रामसभा मारुतीच्या सभामंडपात बसली होती. विषय क्रमांक चार, कायदा सल्लागार नेमणे. उमेदवार दोन : शिरूर कोर्टातले हौसराव आणि दौंड कोर्टातले बापूसाहेब. मुलाखत बंद खोलीत घ्यावी, असं ग्रामसेवक रोहिदासने सुचवलं होतं. पण सरपंच सिंधूबाईंचं म्हणणं पडलं, की बैल घेताना आपण चार माणसं संगं नेतो, वकील काय बैलापेक्षा हलका हाय का? उमेदवारांना हा आपला सन्मान वाटला. ते दोघं सभेसमोर दोन लोखंडी खुर्च्यांवर बसले.

या जागेची नोटीस हौसरावांना शिरूरच्या बाररूममध्ये फळ्याच्या कोपऱ्यात दिसली होती. कारेगावच्या बाजूला कारखाने आल्यापासून आसपासच्या गावांना कशाकशाची गरज भासू लागली होती. तरी गावाला वकील पाहिजे, हे त्यांनी प्रथमच वाचलं. भांडणाला पाहिजे असतो, पण गावाला? त्यांनी नोटीस दोनदा वाचली. मग चौकशीला पंचायत समितीत गेले.

"असं पदच नाही," तिथला कारकून म्हणाला.

"मग अर्ज कसा करायचा?"

"करा की. अर्जाला पद कुठं लागतं?"

हे कायद्याने बरोबर आहे की नाही, याचा विचार करत हौसराव घरी आले. नोटिशीत सनदेची नक्कल, दोन फोटो आणि चारित्र्याचा दाखला मागितला होता. एकोणीस वर्षं कोर्टाबाहेरच्या चिंचेखाली टेबल टाकून त्यांनी लोकांची प्रतिज्ञापत्रं केली होती. नावात बदल, रेशनकार्ड हरवलं, जन्मतारीख चुकली. शेकडो माणसं चांगल्या चालीची असल्याचं त्यांनी लिहून दिलं होतं. स्वतःची चाल कोणाकडून लिहून घ्यावी हा प्रश्न कधी पडला नव्हता. शेवटी पोलीसपाटलांनी दिला. त्यात 'अद्याप काही तक्रार नाही' असं लिहिलं होतं. हौसरावांना 'अद्याप' आवडलं नाही, पण दाखला दाखला असतो.

पगाराचा उल्लेख नोटिशीत नव्हता आणि हौसरावांनीही तो शोधला नाही. त्यांना नेमणूकपत्र पाहिजे होतं. त्यांच्या बायकोकडे, सुषमाबाईंकडे, अंगणवाडीचं नेमणूकपत्र होतं. मेव्हण्याकडे कंपनीचं होतं. घरात कोणी कुठे नेमलेलं नाही असे हौसराव एकटेच. सकाळी निघताना सुषमाबाई म्हणाल्या होत्या, "झालं तर सांगा. नाय झालं तर जेवायला या." हौसरावांनी दोन्ही करायचं ठरवलं होतं.

सभेत प्रश्न येतच होते. सामाईक विहिरीवर मोटार कोणाची आधी चालायची? दत्तक मुलाला देवळाच्या मानाचा नारळ मिळतो का? बापूसाहेब प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून म्हणायचे, "कागद बघावे लागतील." तेवढं म्हणून ते गप्प बसत, आणि सभेत कौतुकाची कुजबुज होई. माणूस खोल दिसतो. हौसराव मात्र उत्तरं देत होते.

मग भागुबाई उठल्या. साठीच्या, पदर खोचलेल्या. त्यांनी दोघा वकिलांकडे आळीपाळीने पाहिलं.

"माझी वीस मेंढरं हायती. वढ्यावर पान्याला जायाची वाट व्हती. जून म्हैन्यात त्या झाकनाच्या कंपनीनं वाटंवर भित घातली. आता चार कोस फिरून जावं लागतंय. मेंढरं पार दमत्यात. कंपनीवाला म्हंतो, वाट हाय कुठं, दावा. आता वाटंवर भित हाय, तर वाट दावू कशी? सांगा."

डब्यांची झाकणं करणारी ही कंपनी औद्योगिक वसाहतीच्या बाहेर, गावच्याच जमिनीला लागून उभी राहिली होती. सभामंडपातल्या सगळ्या माना दोन खुर्च्यांकडे वळल्या. वकील पाहिजे तो कशासाठी, हे हौसरावांना आता कळलं.

"अवघड आहे," बापूसाहेब म्हणाले. "कागद बघावे लागतील."

हौसरावांनी घसा साफ केला. एकोणीस वर्षांत त्यांना कोणी खरा प्रश्न विचारला नव्हता. लोक येत ते उत्तर घेऊनच, हौसराव ते फक्त लिहून देत. त्यात त्यांचे वडील याच माळांवर मेंढरं घेऊन फिरलेले. वाटा कागदावर कशा दिसतात या कुतूहलापायी हौसरावांनी रिकाम्या दुपारी भूमी अभिलेख कार्यालयात बसून जुने गावनकाशे पाहिले होते. त्याचा उपयोग होईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"वाट जमिनीवर दाखवू नका," ते म्हणाले. "नकाशावर दाखवा. गावनकाशात एकेरी तुटक रेघ असली तर पायवाट. दुहेरी तुटक असली तर गाडीवाट. तुमची दुहेरी आहे. मी पाहिलीय."

"दुहेरी हाय म्हनं," मागून कोणीतरी म्हणालं.

"नकाशाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. वाट सार्वजनिक आहे, तेव्हा तिच्यावरचा अडथळा काढायचा अधिकार कलम त्रेपन्नखाली ग्रामपंचायतीलाच आहे. आधी ठराव, मग नोटीस. नाही ऐकलं तर मामलेदार कोर्ट. पण तिथं अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायला पाहिजे. भिंत जूनची, म्हणजे डिसेंबर उजाडायच्या आत. आणि त्या वाटेनं गेलेली तीन म्हातारी माणसं साक्षीला ठेवा."

बापूसाहेबांनी खुर्ची जराशी सरकवून त्यांच्या बाहीला हात लावला. "हळू, हळू. सगळं बी एकाच सरीत टाकू नका."

हौसरावांना ऐकू गेलं. पण भागुबाई मान हलवत होत्या, आणि मान हलवणाऱ्या माणसासमोर अर्धं उत्तर ठेवून थांबणं त्यांना जमलं नाही. त्यांनी साक्षीदारांना उलटतपासणीत काय विचारतील तेही सांगितलं. वीस मिनिटं गेली असावीत.

ते थांबले तेव्हा सिंधूबाई रोहिदासकडे वळल्या.

"भाऊसाहेब, लिवलं का?"

"लिवलं, मॅडम. सगळं."

"मंग आता वकील कशाला?"

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सभेनेही त्यावर मनापासून विचार केला.

"उत्तर तर घावलं," आबा म्हणाले. "दुखनं बरं झाल्यावर डाक्टरला घरी ठिवून घ्येत्यात व्हय?"

"पुढं लागंल की," एकजण म्हणाला.

"लागंल तवा परत बोलवू. चांगली मानसं हायत. येत्याल."

विषय क्रमांक चार सर्वानुमते तहकूब झाला. पण आलेल्या पाहुण्यांना तसंच पाठवायची बोरमाळची रीत नव्हती. दोघांनाही टॉवेल, टोपी आणि नारळ देऊन सत्कार झाला. भागुबाईंनी हौसरावांसमोर वाकून नमस्कार केला. हौसराव गडबडले. ते स्वतःच वाकू लागले.

सभा उठली. मंडपाबाहेर बापूसाहेब स्कूटर वाकडी करून पेट्रोल उतरवत होते.

"न्हावरा फाट्यापर्यंत सोडतो तुम्हाला. बसा." मग ते जरा हळू म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. तुमची कलमं बरोबर होती. तेवढंच चुकलं."

हौसराव काही बोलणार, तोच रोहिदास हातात फुलस्केप कागद फडकवत धावत आला.

"साहेब, नोटिशीचा कच्चा मसुदा क्येला. एकदा नजर टाकता का?"

"वाचू नका," बापूसाहेब म्हणाले. "वाचलं की दुरुस्त कराल."

हौसरावांनी कागद घेतला. अक्षर सुबक होतं. रोहिदासने त्यांचं बोलणं शब्द न् शब्द उतरवलं होतं. एक उतारा तर त्यांच्या तोंडून निघाला त्यापेक्षा चांगला वाटत होता. मात्र कलमाच्या जागी बावन्न लिहिलं होतं. बावन्न बांधकामाच्या परवानगीचं. अडथळ्याचं त्रेपन्न. एवढ्यावरून कंपनीच्या वकिलाने नोटीस उडवून लावली असती, आणि डिसेंबर निघून गेला असता.

त्यांनी कागद स्कूटरच्या सीटवर ठेवला, रोहिदासचं पेन घेतलं, बावन्नवर आडवी रेघ मारली आणि वर त्रेपन्न लिहिलं. मग भिंत घातल्याची तारीख घातली. मग पहिल्या ओळीतला 'विनंती' शब्द खोडला.

"गाव विनंती करत नाही," ते म्हणाले. "कळवतं."

रोहिदासने मान डोलावली. तो जरा घुटमळला. "साहेब, खाली तुमचं नाव टाकू का? 'अमुक वकिलांच्या सल्ल्यानुसार' असं. मॅडम न्हाई म्हननार न्हाईत. लेटरहेडवर टाईप करून घ्येतो."

हौसरावांनी कागदाच्या तळाकडे पाहिलं. सरपंचांच्या सहीच्या डाव्या अंगाला चांगली दोन बोटं जागा होती. तिथे नाव सहज बसलं असतं, सनदेच्या क्रमांकासकट.

"नको," ते म्हणाले.

"का वो?"

"वकिलाचं नाव दिसलं की कंपनी लगेच मोठा वकील लावील, आणि तारखा सुरू होतील. नुसती गावाची नोटीस दिसली, तर तिथला मॅनेजर म्हणेल, खेड्यातली माणसं आहेत, बसून मिटवू. भिंत लवकर पडेल." त्यांनी पेनाला टोपण लावून ते परत दिलं. "तीन प्रती करा. कार्बन नवा घाला, तिसरी प्रत वाचता आली पाहिजे."

रोहिदास कागद सांभाळत कार्यालयाकडे निघून गेला. बापूसाहेबांनी किक मारली, स्वतःचा नारळ हौसरावांकडे दिला, कारण त्यांना हँडल धरायचं होतं. हौसराव फाईल काखेत आणि दोन्ही नारळ मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले, आणि स्कूटर कंपनीच्या भिंतीला वळसा घालून हमरस्त्याला लागली.