आठ वाजता सुटलेले हात

सकाळी बरोबर आठ वाजता माझे पाय घसरले. मी बांबूची शिडी बोलतेय. थायलंडमधल्या नखोन सावनच्या बाजाररस्त्यावर इंटरनेटच्या तारा ओढणाऱ्या माणसांची.

नदीकाठचे बांबू काम्पोनने स्वतः तोडले, वाळवले आणि मला सोळा पायऱ्या ठोकल्या. काम्पोन वर चढायचा, त्याचा जोडीदार प्रायून खाली मला धरायचा. सहा वर्षं असंच चाललं. काम्पोनची बायको लमय दोघांना केळीच्या पानात चिकट भात बांधून द्यायची आणि रोज बजावायची, "भाऊजी, नीट धरा हं."

"वहिनी, बायकोला एवढं धरलं असतं तर ती माहेरी गेली नसती!" प्रायून हसायचा.

त्या दिवशी मासेवालीने फुटपाथवर नुकतंच पाणी ओतलं होतं. काम्पोनच्या कमरेला सुरक्षेचा पट्टा होता, पण त्याची कडी खांबाला अडकवलेली नव्हती. दोन मिनिटांचं तर काम! तेवढ्यात कर्ण्यावर रोजचं आठचं राष्ट्रगीत लागलं. अख्खा बाजार जागच्या जागी उभा राहिला. प्रायून मला धरून वाकलेला होता.

काम्पोनने वरून चिडवलं, "अरे, सरळ उभा राहा की! मासेवाली तुला म्हातारा म्हणेल."

प्रायूनने दोन्ही हात सोडले आणि ताठ झाला.

मी खूप जोर लावला हो. पण ओल्या फरशीवर माझं काय चालणार? काम्पोन पाठीवर आदळला.

दवाखान्यातून त्याला घरी आणलं, तेव्हा प्रायून उंबऱ्याबाहेरच बसून राहिला.

लमय म्हणाली, "राष्ट्रगीताला मान दिलात, बरं केलंत. पण भाऊजी, एक हात माझ्या माणसाला नको होता का?"

प्रायून लहान पोरासारखा रडला.

"त्याला नको बोलूस," काम्पोन पडल्या पडल्या म्हणाला. "सरळ उभा राहा असं मीच म्हणालो. आणि कडीही मीच लावली नव्हती."

दोन महिने झाले. काम्पोनच्या उजव्या पायाची बोटं अजून हलत नाहीत. प्रायून रोज येतो, त्याला उचलून खिडकीशी बसवतो, पाय चोळतो. लमय त्या बोटांकडे बघत राहते. माझा एक पाय चिरलाय. मी भिंतीशी आडवी पडलेय, कोंबड्या बसतात माझ्यावर.

तुमच्या घरचं कुणी रस्त्यावर उंच चढत असेल तर त्याला म्हणावं, आधी कडी लाव. आणि खाली उभ्या राहणाऱ्याला सांगा, गाणं वाजू दे नाहीतर कुणी हाक मारू दे, वरचा उतरेपर्यंत शिडी सोडू नकोस. एकाने एकाला सांगितलं तरी पुरे. सांगाल ना?