वीस नंबरचे अश्रू

गिरणीचा बाराचा भोंगा झाला आणि मैदानावरच्या मांडवात पाच-सहाशे माणसं एकदम हात जोडून उभी राहिली. समोर लाल मखमल घातलेल्या चौथऱ्यावर साक्षात कूर्मावतार पसरले होते. लांबी चांगली साडेपाच फूट. पाठीला कवच नाही, नुसतं काळं चामडं, आणि त्यावर डोक्याकडून शेपटीकडे गेलेले सात कंगोरे. डोक्यामागून रेशमी शेला, गळ्यात झेंडूच्या माळा, आणि वल्ह्यासारखे दोन लांब पंख उदबत्त्यांची राख झेलत दोन्ही बाजूंना पडलेले. सोलापुरात समुद्र नाही. असलं जनावर इथं कुणाच्या बापजाद्यानं पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे महाराजांचं काम फार सोपं झालं होतं.

"भक्तहो!" कूर्मदास महाराजांनी घंटा हलवली. "ज्यांच्या पाठीवर पर्वत ठेवून देवांनी समुद्र घुसळला, तेच हे प्रभू! पाठीवरच्या या सात रेषा म्हणजे सात पाताळं! बारा वर्षं अन्न नाही, पाणी नाही, श्वास नाही. समाधी! पण सोलापूरची पापं बघून रोज दुपारी बारा वाजता प्रभूंना रडू येतं. त्या अश्रूंनी आंधळे डोळस होतात!"

पापं बरोबर बारालाच का दिसतात, हे विचारायची सोय नव्हती. बाराला गिरणीची जेवणाची सुट्टी होते, एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं.

या गर्दीतून भीमाबाई कोपरं मारत पुढं सरकत होती. सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या वॉर्डात ती आया होती, आणि तिचा सात नंबरच्या खाटेवरचा पेशंट पळाला होता. सिद्धलिंगप्पा विणकर. आदल्या संध्याकाळी मागावरून आडवं सूत नेणारा धोटा उडाला आणि त्याचं लोखंडी टोक उजव्या डोळ्यात बसलं. आज तीन वाजता डॉक्टर जखम शिवणार होते. त्यांनी स्पष्ट बजावलं होतं, की जखम उघडी राहिली तर हा डोळा जाईलच, आणि अशा दुखण्यात कधीकधी दुसराही त्याच्या पाठोपाठ जातो. साडेअकराला भीमाबाई औषध घालायला गेली तर खाट रिकामी. शेजारचा पेशंट म्हणाला, "बायकोनं नेलं की. कासवाचं पानी घालाया."

दुखणाईतांना बसवलेल्या पहिल्याच रांगेत पट्टी बांधलेला सिद्धलिंगप्पा आणि त्याचा दंड घट्ट धरून बसलेली चंद्रव्वा सापडली.

"काय गं चंद्रव्वा, तीनला ऑपरेशन हाय न्हवं? चल उठीव त्यास्नी."

"मावशी, तुमच्या पाया पडते," चंद्रव्वा रडवेली झाली. "डोळ्याला सुई लावली की डोळा जातो म्हनत्यात. महाराज म्हनले, अकरा दिवस तीर्थ घाला, सुरी लावू नका. डोळे गेले तर माग कोन चालवनार? आमी खायाचं काय?"

भीती खोटी नव्हती, औषध खोटं होतं. तेवढ्यात आरती सुरू झाली. आरती चांगली एकवीस कडव्यांची. एक शिष्य झांजा बडवत होता, दुसरा प्रभूंच्या मागं जाऊन शेल्याआड गंगाजळ ओतत होता. अठराव्या कडव्याला प्रभूंच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक थेंब चमकला. मग दुसरा. मग टपटप, टपटप! बायका ओक्साबोक्शी रडू लागल्या. महाराजांनी चांदीच्या पळीत अश्रू झेलायला सुरुवात केली.

भीमाबाई खदखदून हसली. आरती संपून झांजा नेमक्या थांबल्या होत्या, त्यामुळे ते हसू मांडवभर ऐकू गेलं.

"कोण हसलं?" महाराज गरजले.

"मी हसले. म्हाराज, हा अवतार न्हाय, मादी हाय. आन ती अशी रडत न्हाय."

भीमाबाईचा नवरा रस्ते बांधणीच्या कामावर निकोबार बेटात होता. चार वर्षं तिचं खोपट किनाऱ्यावर होतं आणि असली कासवं तिनं शेकड्यानं पाहिली होती. मादी रात्री धापा टाकत वाळूवर चढते. मागच्या पंखांनी, आंधळ्यानं चाचपावं तसा, हातभर खोल खड्डा उकरते. त्यात पांढरी गोल अंडी घालते, शंभराच्या आसपास. वाळू लोटून खड्डा बुजवते आणि मागं वळून न बघता समुद्रात जाते. पिल्लं पुढं आपली आपण निघतात. आणि एवढा वेळ तिच्या डोळ्यांतून पाणी गळत असतं. पहिल्यांदा भीमाबाईला वाटलं, बाळंतकळांनी रडतेय बिचारी. मग रस्त्यावरच्या इंजिनिअर साहेबांनी सांगितलं, की हिला पाणी मिळतं ते समुद्राचं, आणि पोटात गेलेलं जादा मीठ ती डोळ्यांवाटे बाहेर टाकते. भीमाबाईनं बोट लावून चाखूनही बघितलं होतं. खारट, आणि ताग्याला लावायच्या खळीसारखं दाट. त्याची तार निघते. ते असं नळाच्या पाण्यासारखं टपटपत नाही.

म्हणजे या जनावराच्या डोळ्यांतून पाणी येतं हे खरंच होतं. महाराजांनी तेवढं एक खरं उचललं आणि तेही धड जमवलं नाही.

भीमाबाईनं हे चारचौघांत सांगितलं तेव्हा महाराजांनी तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "बाई, तू कुठल्या वस्तीतली? मागं हो. प्रभूंना विटाळ चालत नाही. आजवर इथं कुणी हात लावलेला नाही."

हा प्रश्न भीमाबाईनं पन्नास वर्षं ऐकला होता. राग तिच्या टाळूपर्यंत गेला. पण आज तिला त्यातली सोयही दिसली. कुणी शिवायचं नाही, म्हणजे कुणी तपासायचं नाही.

"मी न्हाय शिवत," ती म्हणाली. "ज्याचा विटाळ हुत न्हाय त्यो शिवंल. सिद्धलिंगप्पा, उठा. पानी जितनं येतंय तितं बोट लावा."

"मला काय दिसतंय मावशी? उगड्या डोळ्यातनं बी लई पानी येतंय."

"डोळा बांधलाय. बोटं न्हाईत बांधलेली."

पळी जवळ येत होती. डोळा तर आज ना उद्या जायचाच, असं धरून बसलेल्या माणसाला एक धाडस येतं. सिद्धलिंगप्पानं हात लांब केला आणि प्रभूंच्या डोळ्याच्या कोपऱ्यात बोट घातलं. शिष्य धावला, पण तोवर अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर फिरली होती. वीस वर्षं हीच बोटं अंधारातसुद्धा तुटका धागा शोधून गाठ मारत होती.

"आगं चंद्रव्वे," तो हळूच म्हणाला, "हे सूत हाय की."

"काय?"

"सूत! वीस नंबर. चादरीच्या जाडीचं. चार पदरी पीळ घातलाय, त्यो बी उलटा."

आणि त्यानं ओढलं. वीतभर निघालं, हातभर निघालं, मग मागं ठणकन आवाज झाला, शेला घसरला आणि पितळेचा कळस गडगडत महाराजांच्या पायांवर आला. सोवळं ओलं झालं. प्रभूंचं रडणं जागच्या जागी थांबलं.

मांडवात निम्मे लोक गिरणीतले. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. सुताचं एक टोक उंचावरच्या कळसात घट्ट अडकवलेलं, दुसरं खाली डोक्यातून डोळ्याच्या कोपऱ्यात. वात तेल ओढते तसं सूत पाणी ओढतं आणि खालच्या टोकाला थेंब गळतो. कळस भरला की प्रभू रडायचे, रिकामा झाला की गप्प. आणि आरती एकवीस कडव्यांची होती, कारण कोरडं सूत भिजायला तेवढा वेळ लागतो. समाधीचं म्हणाल, तर ओढाताणीत फाटलेल्या डोक्यातून भुसा सांडत होता आणि डोळ्यांच्या जागी पोरांच्या खेळातल्या गोट्या होत्या. कुठल्याशा किनाऱ्यावर अंडी घालायला आलेली एक आई कुणीतरी मारून, पेंढा भरून विकली होती.

कळसाच्या तळाशी आठ दिवसांचा झेंडू कुजला होता. त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मांडव घातल्यापासून आठ दिवस हे पाणी लोकांच्या दुखऱ्या डोळ्यांत गेलं होतं.

"ही तर लीला!" महाराजांनी शेवटचा प्रयत्न केला. "सोलापूर सुताचं गाव, म्हणून प्रभूंनी सूतच निवडलं!"

खोटं कशाला बोलू, यावरही चार-पाच जणांनी हात जोडले.

चंद्रव्वा मात्र कळसाकडे बघत नवऱ्याला मागं ओढत होती. "अय्यो, मीच आनलं की वो हितं. माज्या हातानं घालनार हुते हे!"

"घातलं न्हाईस न्हवं? मग ऊठ," भीमाबाई म्हणाली. "एक वाजून गेला."

तीनला टाके पडले. पंधरा दिवसांनी पट्टी निघाली तेव्हा डावा डोळा शाबूत होता आणि उजव्यानं सिद्धलिंगप्पाला चंद्रव्वाच्या हाताची बोटं मोजता आली, नखं काही दिसली नाहीत. डॉक्टर म्हणाले, एक दिवस उशीर झाला असता तर बोटंही दिसली नसती.

त्याच आठवड्यात बातमी आली, कूर्मदास महाराज टेंभुर्णीत आहेत. डोकं शिवून घेतलंय, चौथऱ्याभोवती लोखंडी कठडा घातलाय आणि प्रभू आता दुपारी एकला रडतात. रविवारी सिद्धलिंगप्पानं एस.टी. पकडली. एकच्या आरतीला तो कठड्यावर चढून लोकांकडे तोंड करून उभा राहिला. खालून "उतर, उतर" चाललं होतं. शिष्य त्याचं धोतर ओढत होते. त्यानं कठडा सोडला नाही.

"मला एका डोळ्यानं अर्धंच दिसतंय," तो ओरडला. "तुमाला दोन्ही डोळ्यांनी पुरतं दिसतंय. मग लांबनं हात जोडून काय बसलाय? पुढं या, आन हात लावून बघा!"