रिकामा न चालणारा रकाना

रुग्णालयात तिला सगळे रकानेबाई म्हणत. तळघरातल्या खोलीत एकटी बसून ती संगणकावर रुग्णांचं टेबल सांभाळायची. एका माणसाची एक ओळ. नाव, वय, रक्तगट, प्रत्येकाला वेगळा रकाना. ‘जवळचा नातेवाईक’ हा रकाना रिकामा चालणार नाही, हा नियम तिचाच.

एका सकाळी नोंदणीच्या खिडकीवरच्या कारकुनाचा फोन आला. "बाई, एक आजोबा केव्हाचे ताटकळलेत. नोंदच होत नाही. नातेवाईक कुणी नाही म्हणतात."

"अहो, कुणीतरी असेलच की!"

"तुम्हीच येऊन विचारा."

ती वर गेली. घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, हात गळ्यात बांधलेला. "बायको गेली, भाऊ गेला. मूलबाळ नाही," तो म्हणाला. "काहीही टाक पोरी, मला चालेल."

"खोटं कसं टाकू, आजोबा?" ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मागे तापाने ती इथेच दाखल झाली होती. तिच्या ओळीत नातेवाईक म्हणून ताईचा नंबर होता. ताईला जाऊन तेव्हाच वर्ष झालं होतं.

तिने तो नियम काढून टाकला. आजोबांना खाट मिळाली. मग तिने तो रकानाच टेबलातून उपटला. नातेवाइकांसाठी वेगळं टेबल बांधलं. तिथल्या प्रत्येक ओळीला रुग्णाचा क्रमांक जोडला. ज्याला चार माणसं, त्याच्या चार ओळी. ज्याला कुणी नाही, त्याची तिथे ओळच नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नाही. जुन्या नोंदी नव्या टेबलात आणताना ताईची ओळ आली. तिने नंबर दोनदा वाचला, पाठ असूनही. मग ती ओळ पुसली.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला ती आजोबांच्या वॉर्डात गेली.

"तुम्ही त्यांच्या कोण?" नर्सने विचारलं.

"कुणी नाही."

"बसा. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

शेजारच्या खाटेभोवती अख्खा गोतावळा जमला होता, हसणं-खिदळणं चाललं होतं. ती स्टुलावर बसून राहिली. वेळ संपल्याची घंटा झाली तरी आजोबा जागे झाले नाहीत. तिने घसरलेलं पांघरूण त्यांच्या खांद्यापर्यंत ओढलं आणि ती घरी गेली.